एक किलोचा घोडा

माझे सासरे बावीस वर्षं फौजेत बंदुका दुरुस्त करत होते. "किती गोळ्या झाडल्या हो तुम्ही?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मी न्हाई झाडल्या. ज्यांनी झाडल्या त्येंच्या अडकल्या न्हाईत, त्ये माझं काम." कुंडलच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथं फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो हवालदार म्हणून निवृत्त झालेला असो की लंगरातला आचारी म्हणून. मामंजी हवालदार होते. गावानं त्यांनाही मेजर केलं आणि त्यांनी कुणाचं मन मोडलं नाही.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. शाळेनं एक वर्ष एनसीसीचं काम माझ्या गळ्यात घातलं. त्याच्या प्रशिक्षणात मी पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात धरली, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला शोध लागला की कागदावर नेमकी मधोमध भोकं पाडण्यात फार सुख आहे. मग सांगलीच्या नेमबाजी क्लबात नाव घातलं आणि रायफलीवरून पिस्तुलावर आले. दर रविवारी सकाळी मी स्कूटर चालवायची आणि मामंजींनी मागं बसायचं. वाटेतला प्रत्येक खड्डा ते मला मोठ्यानं सांगत, बहुधा खड्डा गेल्यावर.

क्लबात पॉइंट टू टूचं स्पोर्ट पिस्तूल एकच होतं. लायसन्स क्लबचं, तिजोरी क्लबची, किल्ली सचिवांकडं. आम्ही चारपाच जण ते आलटून पालटून वापरायचो. पिस्तूल तसं चांगलं होतं, पण त्याचा ट्रिगर म्हणजे एक अजब प्रकरण होतं. चांगला ट्रिगर वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा असावा. चिमटीत धरून दाबत जायचं, ती नेमकी कधी फुटली हे आपल्यालाही नंतर कळतं. आमचा ट्रिगर ओली शेंग होता. आधी दबायचा, मग थांबायचा, मग खरखरत जरा पुढं जायचा, पुन्हा थांबायचा, आणि आपण कंटाळून श्वास सोडला की त्याच क्षणी उडायचा. मामंजी त्याला फौजेतल्या सवयीनं घोडा म्हणत. "घोडा अडतोय गं पोरी," ते मागून म्हणायचे, आणि माझी गोळी सातच्या रिंगणात जायची.

सचिवांना सगळे शेठ म्हणत. पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं. क्लबचे लायसन्सचे कागद, पोलिसांकडची नोंद, नूतनीकरण ही डोकेदुखी दुसरं कुणी घ्यायला तयार नसल्यामुळं ते वर्षानुवर्षं सचिव होते. तरुणपणी त्यांनी रायफलीत एक पदक मिळवलं होतं आणि त्या जोरावर ते आम्हाला सल्ले देत. नवा ट्रिगर बसवायला हवा, असं मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं.

"ट्रिगरला काय धाड भरलीय बाई? बोटाकडं बघा."

चौथ्या रविवारी मी पुन्हा विषय काढणार, तेवढ्यात मामंजींनी मला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच पुढं झाले.

"शेठचं बरोबर हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोष बोटाचाच हाय. आता बोट कसं असावं त्ये शेठनी येकदा दाखवावं. म्हंजे आमची सून शिकंल."

"आज नको. चष्मा नाही आणला," शेठ म्हणाले.

"खिशात काय हाय मग?"

चष्मा खिशातच होता. त्या दिवशी रेंजवर आठदहा जण होते, त्यातल्या सगळ्यांना एकाएकी शेठचं बोट बघायची इच्छा झाली. शेठनी कानावर मफ चढवले, चष्मा पुसला, मान ताठ केली आणि एक नंबरच्या जागेवर उभे राहिले. उभं राहणं खरंच देखणं होतं. हात वर गेला, स्थिर झाला. आम्ही वाट बघतोय. शेठ वाट बघतायत. ट्रिगर दबला, थांबला. शेठच्या भुवया वर गेल्या. पुन्हा काही नाही. मानेची शीर फुगली. आणि मग त्यांनी श्वास सोडला.

पाच गोळ्या झाल्यावर कार्ड आणलं. त्यावर दोन भोकं. दोन गोळ्या मागच्या मातीत गेल्या असाव्यात. पाचवीचा शोध शेजारच्या जागेवर लागला. तिथं एक महिला कॉन्स्टेबल खात्याच्या पॉइंट टू टूवर सराव करत होती. तिनं पाच गोळ्या मारल्या होत्या आणि तिच्या कार्डावर सहा भोकं होती. सहावं बरोबर दहाच्या आत. ती इतकी खूश झाली की ते आपलं नाही हे मान्य करायला तिला जरा वेळ लागला.

शेठनी पिस्तूल रिकामं करून नीट टेबलावर ठेवलं, मफ काढले आणि घसा खाकरला.

"ट्रिगरमध्ये दोष आहे."

"म्हंजी बोटात न्हाई?" मामंजींनी अगदी साधेपणानं विचारलं.

"बोटात नाही."

"मग लिवून घ्यायचं का तसं?"

"ठराव लिहा," शेठ म्हणाले, आणि तिजोरीकडं निघून गेले.

पुण्याच्या विक्रेत्याकडून नवा ट्रिगर यायला दीड महिना लागला. तो बसवायचा तर परवानाधारक कारागिराकडूनच, म्हणून आम्ही तिघं शेठच्या गाडीतून साताऱ्याला गेलो. पिस्तूल कुलपाच्या पेटीत आणि कागदांची फाइल माझ्या मांडीवर. कारागीर एक किडकिडीत गृहस्थ होते, कपाळावर चष्मा आणि तोंडाला कुलूप. मामंजी त्यांच्या शेजारी हात मागं बांधून उभे राहिले. कारागिरानं स्क्रू काढला की मामंजी "हं" म्हणायचे. नवा भाग बसवला की "हं." स्प्रिंग घातली की जरा लांब "हंऽऽ". अर्ध्या तासानं कारागिरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते पहिल्यांदा बोलले.

"तुम्ही कुठं होता?"

"फौजेत. आर्मरर."

"मग बाहेर बसा."

मामंजी बाहेर बसले. परत आत बोलावलं तेव्हा काम झालेलं होतं. कारागिरानं छोट्या स्प्रिंगच्या काट्यानं ट्रिगर ओढून दाखवला. "अकराशे ग्रॅमवर ठेवलाय. नियम कमीत कमी एक किलोचा आहे. वरचे शंभर राहू द्यात, कामाला येतात. ह्या स्क्रूला हात लावायचा नाही." आणि स्क्रूवर त्यांनी लाल रंगाचा एक ठिपका दिला, म्हणजे कुणी फिरवला तर कळावं.

हा नियम सांगायला हवा. ह्या प्रकारात ट्रिगर फार हलका चालत नाही. स्पर्धेआधी अधिकारी पिस्तुलाची नळी आभाळाकडं करून ट्रिगरला बरोबर एक किलोचं वजन लटकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर पडला नाही, तर पास. खट्ट आवाज आला, तर नापास.

मी रिकाम्या पिस्तुलावर तो ट्रिगर दाबून बघितला. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग नुसती दाबतच राहिले. शेंग वाळली होती. गाडीतून परत येताना कराड आलं तेव्हा मामंजी म्हणाले, "काम झ्याक केलंय. पर मानूस लय गुर्मीचा हाय."

इथवर सगळं ठीक होतं. ठीक राहिलं असतं, पण मी गणिताची बाई. किमान हजार म्हणजे हजार. मग अकराशे कशाला? ते वरचे शंभर ग्रॅम मला दिवसरात्र दिसायला लागले. वर्गात फळ्यावर समीकरण मांडताना दिसत, भाकरी थापताना दिसत. दुसऱ्या मुलींचा ट्रिगर हजारावर असणार आणि माझ्या बोटावर शंभर ग्रॅमचं जादा ओझं, हा अन्याय मला सहन होईना. मामंजींचं दुखणं वेगळं होतं. त्यांना कुणीतरी "हात लावायचा नाही" म्हटलं होतं. बावीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

"येक केस फिरवायचा," एका संध्याकाळी ते म्हणाले. "कुणाच्या बाला कळायचं न्हाई."

"पण बरोबर किलो झाला हे कसं कळणार मामंजी?"

"वजन पायजे. खरं."

रविवारी आम्ही शेठना विचारलं. शेठ खुलले. आता त्यांच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण वडलांच्या काळातलं एक किलोचं लोखंडी वजन त्यांनी जपून ठेवलं होतं. गल्ल्याशेजारी, पिवळ्या फडक्यात. पुढच्या रविवारी ते घेऊनच आले. काळंभोर, सहा कोनांचं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं.

"ह्या वजनावर अख्ख्या पेठेनं डोळे मिटून माल नेला," ते म्हणाले. "आणि वडलांची रीत अशी, की माल मोजून झाला, पारडं बरोबर झालं, की वर आणखी एक मूठ टाकायचे. साखर असो, डाळ असो. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी टाकायचे. लोक अजून आठवण काढतात."

मामंजींनी तारेचा आकडा वाकवून वजनाला अडकवला. पिस्तूल रिकामं आहे हे तिघांनी तीनदा बघितलं. मग मामंजींनी कारागिराचा लाल ठिपका नखानं खरवडला, बारीक किल्लीनं स्क्रू फिरवला आणि मी वजन उचललं. उचललं गेलं. आणखी जरा फिरवला. उचललं गेलं. आणखी जरा, आणि खट्ट. मग मामंजींनी जीभ दातात धरून स्क्रू एक केसभर मागं घेतला. वजन अलगद वर आलं आणि तसंच लटकत राहिलं.

"बसला," ते म्हणाले. "येक किलो. ना कमी ना जास्त."

स्क्रूवर पुन्हा ठिपका हवा होता. मी पर्समधलं नेलपॉलिश लावलं. कारागिराचा रंग तांबडा होता, माझा गुलाबी निघाला. नणंदेच्या लग्नातली बाटली होती, दुसरी नव्हती.

त्या ट्रिगरवर मी तीन आठवडे सराव केला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं कार्ड बघून मलाच लाजायला झालं. भोकं एकमेकांच्या अंगावर पडत होती. शेठ ती कार्डं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत आणि नवा ट्रिगर बसवायची कल्पना कशी सुचली ते सांगत. कल्पना अर्थातच त्यांची होती.

विभागीय स्पर्धा साताऱ्याला होती. महिलांमध्ये आम्ही सात जणी. शेठ आमच्या क्लबचे व्यवस्थापक म्हणून छातीला बिल्ला लावून आले होते आणि मामंजी हवालदाराच्या मिशा पिळून. तपासणीच्या टेबलावर निळा ब्लेझर घातलेली एक तरुण अधिकारी बसली होती. तिनं माझं पिस्तूल घेतलं, रिकामं आहे ना ते बघितलं, नळी वर केली, चकचकीत वजन ट्रिगरला लावलं आणि उचललं.

खट्ट.

मला वाटलं, तिचा हात हलला. तिनं पुन्हा केलं. खट्ट.

"कमी आहे मॅडम," ती म्हणाली. "असं चालणार नाही."

मागून शेठ पुढं सरसावले.

"कमी? कमी कसा असेल? आम्ही स्वतः वजन लावून बघितलाय!"

"सर, हे प्रमाणित वजन आहे."

"मग आमचं काय भंगारातलं आहे? पन्नास वर्षं पेठेत चाललंय!"

आणि शेठनी पिशवीत हात घालून पिवळं फडकं काढलं. ते वजन त्यांनी साताऱ्याला आणलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अधिकारी बाईनं त्या काळ्या लोखंडाकडं बघितलं, शेठच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, वजन घेऊन आकड्यानं ट्रिगरला लावलं. उचललं गेलं. तीनदा उचललं गेलं. मागं रांगेत उभ्या असलेल्या मुली माना उंचावून बघायला लागल्या.

"बघा!" शेठ म्हणाले. "तुमचा किलो खोटा आहे."

ती चिडली नाही. घड्याळाकडं बघून म्हणाली, "मला पंधरा मिनिटं सुट्टी आहे. समोर पेढ्यांचं दुकान आहे, तिथं काटा असेल. चला." माझं पिस्तूल तिनं सहकाऱ्याच्या ताब्यात दिलं आणि दोन्ही वजनं उचलून निघाली. मागोमाग आम्ही.

पेढेवाल्याला काय दिसलं असेल? ब्लेझर आणि बिल्ला घातलेली एक बाई, तिच्या दोन्ही हातात वजनं, शेजारी बिल्ला लावलेला लालबुंद गृहस्थ, मागं मिशावाला म्हातारा. तो ताडकन उठला.

"मॅडम, आमचा काटा पास आहे! शिक्का आहे! हे बघा, इकडून बघा!" त्यानं अख्खा काटाच वळवून दाखवला.

"आम्हाला फक्त हे ठेवून बघायचं आहे," अधिकारी बाई म्हणाली.

"ठेवा ना. हवं ते ठेवा. आधी पेढा घ्या." त्यानं चौघांच्या हातात एकेक कंदी पेढा दिलाच. मामंजींनी दोन घेतले.

तिनं आपलं वजन ठेवलं. काट्यावर लाल आकडे उमटले: हजार. मग शेठचं ठेवलं. आकडे जरा थरथरले आणि थांबले. नऊशे बेचाळीस.

पेढेवाल्यानं आकडा वाचला, वजनाकडं बघितलं, आणि आपण संकटात नाही हे कळून हळूच खाली बसला. शेठनी वजन उचलून परत ठेवलं. नऊशे बेचाळीस. मग त्यांनी ते उलटं केलं.

जुन्या लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात शिसं भरून वजन बरोबर केलेलं असतं, आणि त्या शिशावर तपासणीचा शिक्का मारतात. ह्या वजनाचा खळगा जवळजवळ रिकामा होता. आतल्या बाजूला टोकदार काहीतरी फिरवल्याचे ओरखडे होते. मला दिसले. बावीस वर्षं धातू ओळखणाऱ्या मामंजींना तर दिसलेच. आणि शेठना, ज्यांनी हे वजन इतकी वर्षं फडक्यानं पुसलं पण उलटं करून कधी बघितलं नाही, त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसले. त्यांनी खळग्यात बोट फिरवलं. मला तोवर शेठची गंमतच वाटत आली होती. त्या क्षणी मला तिथं उभं राहू नये असं वाटलं.

मामंजींनी त्यांच्या हातातून वजन काढून घेतलं आणि खळग्यावर अंगठा ठेवला.

"शिसं गळालंय," ते म्हणाले. "जुनं शिसं गळतंय उन्हानं."

अधिकारी बाईनं काही बोलायला तोंड उघडलं. मामंजींनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं उघड्या तोंडात पेढा घातला.

"मेजर," शेठ खोल आवाजात म्हणाले, "शिसं उन्हानं गळतं?"

"आवं, सातारचं ऊन बघितलं न्हाई तुमी?"

"वजन सांगलीला होतं."

"सांगलीचं तर लय वंगाळ."

शेठना हसू आलं असावं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. ते दुकानाच्या पायरीवर बसले. "वडील माझे," एवढंच म्हणाले.

मामंजी थोडा वेळ मिशी चाचपत उभे राहिले. मग पेढेवाल्याकडं वळले. "साखर हाय का? डबा द्या जरा." पेढेवाल्यानं डबा दिला. त्यानं त्या दिवशी काहीही दिलं असतं. मामंजींनी काट्यावर कागद ठेवला, शेठना दंडाला धरून उठवलं आणि डबा त्यांच्यापुढं धरला.

"वडील वर येक मूठ टाकायचे म्हंता न्हवं? टाका."

"आता कशाला मेजर?"

"टाका म्हंतोय."

शेठनी डब्यात हात घातला आणि मूठभर साखर कागदावर टाकली. दोन दाणे बाहेर सांडले, ते त्यांनी सवयीनं बोटानं आत लोटले. आकडे थांबले. एकसष्ट.

"बेरीज कर पोरी," मामंजी मला म्हणाले.

"नऊशे बेचाळीस अधिक एकसष्ट. एक हजार तीन."

"झालं तर! तीन ग्रॅम गिऱ्हाइकालाच जास्त ग्येले. तुमच्या वडलांनी कुणाचं काय खाल्लं?"

शेठ त्या साखरेकडं बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून एक विचित्र आवाज आला आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, पिवळ्या फडक्यानंच. "म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं!" ते म्हणाले. "मूठ मोजून टाकायचा हो! मी समजायचो, दिलदारी!" पेढेवालाही हसायला लागला, आपण कशाला हसतोय हे न कळता.

मूठभर मिरच्यांचं वजन एकसष्ट भरत नाही, आणि मूठभर पोह्यांचंही नाही. हे मला तेव्हाच सुचलं होतं. मी गणिताची बाई असले तरी सगळीच गणितं फळ्यावर मांडायची नसतात एवढं मला समजतं. गप्प राहिले.

परत आलो तेव्हा माझ्या फेरीला जेमतेम दहा मिनिटं होती. अधिकारी बाईनं मामंजींना तिच्या डोळ्यांसमोर स्क्रू फिरवायची परवानगी दिली. त्यांनी ह्या वेळी केसभर नाही, चांगला भरपूर फिरवला. चकचकीत वजन तीनदा वर गेलं, आवाज झाला नाही. तिनं पिस्तुलावर तपासणीचा कागद चिकटवला आणि स्क्रूवरच्या फुटक्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे नेलपॉलिश कुणाचं?"

"माझं," मी खालमानेनं म्हणाले.

"शेड छान आहे," ती म्हणाली आणि पुढच्या मुलीचं पिस्तूल घेतलं.

पहिल्या फेरीत माझी दाणादाण उडाली. तीन आठवडे बोटाला हलक्या ट्रिगरची सवय लावली होती, आणि आता तो कारागिरानं ठेवला होता त्याहूनही थोडा जड झाला होता. बोट आपल्या जागी थांबायचं आणि ट्रिगर म्हणायचा, अजून ये. सात, आठ, पुन्हा सात. एका गोळीनंतर मला स्वतःचाच इतका राग आला की पिस्तूल खाली ठेवून मी बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं. शंभर ग्रॅम वाचवायला निघाले होते मी. ते शंभर राहू दिले असते तर आज ह्याच बोटानं, ह्याच ट्रिगरवर निवांत उभी असते. हे सगळं मनात म्हणून झाल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. जड असो वा हलका, शेंग अजून वाळलेलीच होती. कुठं अडत नव्हती, खरखरत नव्हती. मला फक्त थोडं जास्त दाबायचं होतं.

दुसऱ्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येतं आणि वळतं. तेवढ्यात हात उचलून एकच गोळी. तिथं विचार करायला वेळच नसतो, आणि माझ्यासारख्या बाईसाठी ते फार चांगलं. मी उचलत गेले, दाबत गेले. शेवटी सात जणींत तिसरी आले. पहिल्या दोघी माझ्या निम्म्या वयाच्या होत्या आणि मला मावशी म्हणत होत्या.

पदक गळ्यात पडलं तेव्हा शेठ सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. निघताना त्यांनी पेढेवाल्याकडून दोन किलो पेढे बांधून घेतले. काट्याकडं बघितलं नाही. गाडी कारागिराच्या दुकानाच्या रस्त्याला लागणार, तेवढ्यात मामंजी मागून ओरडले, "दुसऱ्या रस्त्यानं घ्या शेठ, दुसऱ्या रस्त्यानं!" शेठनी निमूटपणे गाडी वळवली. ते वजन त्यांनी पुढं काय केलं ते मी कधी विचारलं नाही. नव्या प्रमाणित वजनाचा ठराव मात्र पुढच्याच बैठकीत त्यांनी स्वतः मांडला.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. मामंजींनी ओसरीवर बसल्या बसल्या सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली. त्या हकिकतीत अधिकारी बाई दोन झाल्या होत्या आणि मी पहिली आले होते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदक हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि देवापुढं ठेवून आल्या. मग मेथीच्या चार जुड्या माझ्यापुढं टाकल्या.

"आत्याबाई, बोट दुखतंय हो," मी म्हणाले. खरंच दुखत होतं.

"दिसभर येकाच बोटानं काम केलंस," त्या म्हणाल्या. "बाकीची नऊ हायेत की."

मी मेथी निवडायला बसले. मामंजी अंगणात गेले आणि शेजाऱ्याला पहिल्यापासून सांगायला लागले.